देवाचिये द्वारी, कामाच्या टेबलावर: नोकरी, श्रद्धा आणि रोजची वही याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. डिप्लोमा झाल्यापासून हेच काम, आता 24 वर्षं झाली. माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, तेरच्या शेजारचं, सासर मोशीचं. गळ्यात तुळशीची माळ आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधल्या पट्ट्यात आमची कारखानदारी, अशा जागी आयुष्य गेलं. कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, भिशीच्या दिवशी पोरं-पोरी काहीबाही विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

ताई, तुम्ही रोज नेमकं करता तरी काय?

दोनच गोष्टी. संध्याकाळी दिवेलागणीला हरिपाठ आणि रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं वही.

हरिपाठ म्हणजे ज्ञानेश्वर माउलींचे 27 अभंग. चालीत म्हटले तर अर्धा तास लागतो, नुसते वाचले तर बराच कमी. सासूबाई म्हणायच्या तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. त्या गेल्यावर घरात एकदम शांतता पडली. ती सहन होईना म्हणून मी म्हणायला लागले. माझ्या हरिपाठाची सुरुवात ही अशी, त्यात काही साक्षात्कार वगैरे नव्हता.

वहीचं कारण वेगळं. ते खाली सांगते.

वहीत काय लिहायचं? मला डायरी कधीच जमली नाही.

डायरी मलाही जमत नाही. मी लिहिते ती फार तर पाच-सहा ओळींची नोंद. आज हातून चांगलं काय झालं, कुठे चुकलं, कुणाचं देणं राहिलं. पैशाचं नव्हे हो, शब्दाचं. कुणाला सांगितलं होतं करते म्हणून आणि केलं नाही. शेवटी उद्याची एक गोष्ट.

मागच्या महिन्यातली एक नोंद जशीच्या तशी देते: "नवीन ट्रेनी पोरीला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, तिसऱ्या वेळी रॅचेट नीट फिरवला तिने. दुपारी सेटरवर उगाच ओरडले, भूक लागली होती. दिराला फोन करायचा राहिला. उद्या आधी डबा, मग ऑडिटचे कागद."

एवढंच. तुकोबारायांच्या वृक्षवल्लीच्या अभंगात शेवटी येतं, "तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥" त्यातला वाद हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. स्वतःशी गप्पा मारणं सोपं आहे. स्वतःशी वाद घालायचा तर दोन्ही बाजू खऱ्या मांडाव्या लागतात.

मोबाइलवर लिहिलं तर चालेल का, असंही विचारतात. चालेल. पण मोबाइल हातात घेतला की मी दहा मिनिटांची चाळीस करते, म्हणून माझ्यापुरती दोनशे पानी वहीच बरी.

हे सगळं सुरू कशामुळे झालं?

एका चुकीमुळे. नोकरीला सात वर्षं झाली होती. 25 मिलिमीटरच्या बोअरचा, म्हणजे आरपार गोल भोकाचा, जॉब होता, वरच्या बाजूला 21 मायक्रॉनची सूट. माणसाच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली तर ही सूट केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. महिनाअखेर होती, गाडी दारात उभी, डिस्पॅचवाले डोक्यावर. दर दहा नगांमागे एक नग तपासायचा होता. शेवटचे पाच नग मी तपासले नाहीत. बोअर तपासायचा प्लग गेज टेबलावर होता, हातभर अंतरावर. मी रिपोर्टवर आधीच्याच आकड्यांसारखे आकडे भरले, ओके लिहिलं आणि सही केली.

इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, झिजला होता, त्यामुळे शेवटच्या नगांत बोअर कमी आला होता. गिऱ्हाइकाच्या लाइनवर बेअरिंग बसेना. सगळा लॉट परत आला. ठपका ऑपरेटरवर गेला, की त्याने वेळेत ऑफसेट दिला नाही, म्हणजे झिजेपुरतं मशीन पुढे सरकवलं नाही. त्याचंही चुकलं होतं, पण माझं काम त्याची चूक पकडायचं होतं, आणि मी न बघता सही केली होती. दोन दिवस मी गप्प बसले. तो माझ्याकडे बघायचा, मी खाली बघायची.

दुसऱ्या रात्री मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मी एक वाक्य लिहिलं: "शेवटचे पाच मी मोजले नव्हते." डोक्यात तेच दोन दिवस शंभर सबबींच्या गर्दीत फिरत होतं. कागदावर आलं तेव्हा त्याच्याभोवती एकही सबब नव्हती. सकाळी मॅनेजरना जाऊन सांगितलं. त्या वर्षीची वाढ गेली. ऑपरेटरचा मेमो मागे घेतला गेला. त्याने मला काही म्हटलं नाही, पण चहाच्या वेळी त्याच्या डब्यातला लाडू माझ्या टेबलावर ठेवून गेला.

त्या दिवसापासून वही आहे.

रोज स्वतःच्या चुका काढत बसलं तर मन खचणार नाही का?

खचू शकतं. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या तेरचे गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार. आजी सांगायची ती कथा अशी: सगळी संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, हे मडक्यावर मारलं की आवाजावरून कळतं, भाजलं गेलंय की कच्चं राहिलंय. मुक्ताई म्हणाली, मग आमची मडकी तपासा की. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते चिडले, त्यांना तो अपमान वाटला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

लहानपणी मला ही गोष्ट आवडायची नाही. नामदेवांची दया यायची. पुढे या धंद्यात आले आणि तीच गोष्ट वेगळी दिसायला लागली. कुंभार कच्चं मडकं फोडत नाही, पुन्हा आव्यात ठेवतो. नामदेवही तिथे संपले नाहीत. रुसून पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडे तक्रार केली, आणि विठ्ठलाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. गुरू तिथे मिळाला. कच्चं म्हटलं गेलं म्हणून मिळाला.

आमच्या शॉपमध्ये तीन रंगांचे ट्रे असतात. हिरव्यात चांगला माल, लालमध्ये रिजेक्शन, आणि पिवळ्यात रिवर्क, म्हणजे अजून काम करून सुधारता येईल असा. नवीन इन्स्पेक्टरची चूक ठरलेली: घाबरून सगळं लालमध्ये टाकतो. बोअर कमी असेल तर अजून कापता येतो! जास्त झाला तरच जॉब गेला. वहीत लिहिताना मी मनातल्या मनात विचारते, हे लाल आहे की पिवळं? 24 वर्षांत माझ्या बहुतेक चुका पिवळ्या निघाल्या.

आणि म्हणूनच चांगलं काय झालं ते वहीत आधी लिहायचं. क्रम बदलू नका. मी एकदा सहा महिने फक्त चुका लिहिल्या होत्या. त्या काळात मी घरी-दारी कुणाशी धड बोलत नव्हते, हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

काम हीच पूजा म्हणतात. मग वेगळा हरिपाठ कशाला?

माउलींनी अठराव्या अध्यायात म्हटलंय खरं, की आपल्या कर्माच्या फुलांनी त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा बांधली तर त्याला अपार संतोष होतो. पण फूल वाहायला हात लागतो तसं मनही लागतं. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना हे फार छान उलगडलं होतं: बाहेरचं कर्म आणि त्याला आतून जोडलेलं मन, ज्याला ते विकर्म म्हणत, ही दोन्ही एकत्र आली की कामाचा भार वाटेनासा होतो. हरिपाठाने माझं तेवढंच होतं. दिवसभर बाहेर पांगलेलं मन अर्धा तास घरी येतं.

आणखी एक सांगते. "काम हीच पूजा" हे वाक्य तुमच्या मनातून आलं तर ते सोनं आहे. पण ओव्हरटाइमचे पैसे न देता थांबवून घेणाऱ्याच्या तोंडून आलं तर लगेच मान डोलवू नका. पूजा तुमची आहे, तिचा हिशोब दुसऱ्याने मांडायचा नाही.

नियमाने केलं तर प्रमोशन मिळतं का?

नाही. माझ्याबरोबर लागलेले दोघे आज मॅनेजर आहेत. एक चांगला माणूस आहे, त्याचं काही अडलं नाही हरिपाठावाचून.

मला माझं काम मनापासून आवडत नाही. देवाने दिलंय म्हणून करत राहू की सोडू?

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि याला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सावता माळी अरणचे, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं हे गाव. पंढरपूर तिथून फार लांब नाही, तरी सावतोबा पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. मळा सोडून जायचं कशाला? "कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥" पंढरीच्या पांडुरंगाची पालखीच त्यांच्या भेटीला अरणला येते. खुरपं हातात असताना देव भेटला, अशी ही वाट.

आता तुकोबा. पिढीजात वाण्याचा धंदा, गावात महाजनकी. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात सगळं गेलं. दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नाविना गेली, मूल गेलं. पुढे भावाशी खतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं, म्हणजे लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवले. मग भंडाऱ्याचा डोंगर आणि अभंग. सावतोबा मळ्यात राहिले, तुकोबांनी वसुलीच सोडली. दोघेही संत. तेव्हा अडकलेल्या माणसाला सावतोबांचा दाखला देऊन "आहे तिथेच राहा" म्हणणं मला पटत नाही, आणि कंटाळलेल्या माणसाला तुकोबांचा दाखला देऊन "दे राजीनामा" म्हणणंही पटत नाही.

मी काय सांगते? तीन महिने वही लिहा आणि मग एका रविवारी बसून सलग वाचा. आमच्याकडची एक मुलगी, पॅकिंगला होती, रोज म्हणायची काम नकोसं झालंय. तिने वही वाचली तेव्हा दिसलं की वाईट गेलेले जवळजवळ सगळे दिवस सेकंड शिफ्टचे होते. काम नव्हे, रात्री साडेअकराला रिकाम्या रस्त्याने घरी जाणं नकोसं झालं होतं. बसचा थांबा बदलून मागितला, मिळाला. ती अजून आहे. दुसरा एक मुलगा, प्रोग्रॅमिंगला हुशार, त्याच्या वहीत "चांगलं काय झालं" या ओळीत तीन महिने एकच गोष्ट: सोसायटीतल्या पोरांना शिकवलं. त्याने नोकरी सोडली, आता आयटीआयमध्ये शिकवतो. पगार कमी झाला, ते तो लपवत नाही.

तुमचं काय ते तुमची वही सांगेल. पण घरात कमावतं माणूस एकच असेल, हप्ते चालू असतील, तर आधी दुसरीकडचं पत्र हातात येऊ द्या. दुष्काळाने तुकोबांना निवड ठेवली नव्हती. तुमच्याकडे ती असेल तर वापरा.

साहेब अन्याय करतात. श्रद्धा असली की सहन करायचं असतं ना?

नाही, नाही, नाही.

चोखोबा बघा. मंगळवेढ्याचे. देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांना. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, वेठीच्या कामावर. त्यांनी सहन केलं असेल, पण गप्प बसले नाहीत. "हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा" असं थेट देवालाच विचारलंय. आज शाळेत तो अभंग म्हणतात तेव्हा चाल इतकी गोड लावतात की त्यातला जाब ऐकूच येत नाही. आणि ज्या दारात त्यांना अडवलं ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं. श्रद्धावान माणूसच होता तो.

तेव्हा पगार अडवला, अपमान केला, तर तारीख-वेळ घालून वहीत लिहा, कारण पुढे तेच कामाला येतं. मग कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, युनियन असेल तर युनियन. बायकांना त्रास होत असेल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, 2013 चा कायदा आहे. देवावर भार टाकून घरी बसू नका.

श्रद्धेमुळे तुमच्या कामात प्रत्यक्ष काय बदललं? एक तरी उदाहरण द्या.

कूलंटचं देते.

मशीनवर कापताना जॉबवर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, तेल मिसळलेलं, ते कूलंट. काही आठवड्यांनी ते सडतं. वास असा येतो की डबा खाववत नाही. मग टाकी रिकामी करून नवं भरतात. जुनं जातं कुठे, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडला नव्हता. तो माझ्या कामात बसतच नव्हता.

एका कार्तिकीला आळंदीला गेले होते, माउलींच्या समाधीच्या सोहळ्याला. इंद्रायणीवर पांढरा फेस. पाणी दिसेना, बर्फासारखे ढीग तरंगत होते आणि बाया त्यातच ओंजळ भरून तोंडावर मारत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या माळकऱ्याने ओंजळ सोडली तेव्हा फेस त्याच्या मनगटाला चिकटून राहिला. त्याने तो धोतराला पुसला आणि हात जोडले. नदीत काय काय जातं ते आता सगळ्यांना माहीत आहे: गावागावांचं, शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. मी ज्या नदीला नमस्कार करते आणि ज्या पट्ट्यात नोकरी करते, त्या दोन गोष्टी त्या दिवशी पहिल्यांदा एकाच वेळी डोळ्यांपुढे आल्या.

त्या रात्री वहीत उद्याची एक गोष्ट म्हणून लिहिलं: "जुनं कूलंट कुठे जातं, विचारणे." विचारलं. धड उत्तर मिळेना. हाउसकीपिंगवाला म्हणाला, पिंप घेऊन जातात. कोण नेतं? माहीत नाही. मी दर महिन्याला विचारत राहिले, भांडण न करता, ऑडिटच्या यादीत एक ओळ घालून. वर्ष गेलं. आता पिंपांवर तारीख असते, मान्यता असलेली एजन्सी घेऊन जाते आणि पावती माझ्या फाइलला लागते. एका कंपनीच्या चार पिंपांनी नदी स्वच्छ झाली नाही. या वर्षीही फेस होताच. पण आमच्या चार पिंपांची पावती आहे.

घर, मुलं, नोकरी. बाईला कुठून वेळ मिळायचा?

जनाबाईला कुठे मिळत होता? गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरी राबायला आलेली. "दळिता कांडिता । तुज गाईन अनंता" ही तिची सोय होती. बसून जप करायला तिला कुणी चौरंग दिला नव्हता.

पण याचा अर्थ बायकांनी सगळं करत करतच देव आठवायचा असा घेऊ नका. मी तो अर्थ बरीच वर्षं घेतला. मग एक दिवस घरात सांगितलं की साडेसात ते आठ मी स्वयंपाकघरात नाही. पहिल्या आठवड्यात कुकरच्या तीन शिट्ट्या की चार यावरून हाका आल्या. आता नवरा भात लावतो आणि मुलगा कोशिंबीर करतो, मिरची जरा जास्त घालतो. हरिपाठाने आमच्या घरात केलेला हा बदल मी कुठल्याही चमत्कारापेक्षा कमी मानत नाही.

वारीला जायचंय, पण एवढी सुट्टी मिळत नाही.

आळंदी-देहूहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे लागतात. उत्पादनाच्या कंपनीत एवढी रजा मिळणं अवघडच. मी पूर्ण वारी एकदाच केली. बाकी वर्षी तुकोबांच्या पालखीच्या आकुर्डी मुक्कामाला जाते, किंवा माउलींच्या पालखीबरोबर दिघीपासून पुण्यापर्यंत चालते. हल्ली आयटीवाल्यांची दिंडीही आळंदी ते पुणे एक दिवस चालते. पाठीवर लॅपटॉपची बॅग असते तशीच पाण्याची बॅग, आणि पावलीत चुकतात बिचारे, पण मनापासून चालतात. एक दिवस तरी जा. पायांना गाठी आल्या की ऑफिसातल्या बऱ्याच गाठी सैल होतात.

माळ घालावीच लागते का?

नाही. माळ घातली की एकादशी, मांस-मद्य वर्ज्य, वारी हे नियम पाळायचे असतात. जमत असेल तर जाणत्या वारकऱ्याच्या हातून घाला. लोकांनी बघावी म्हणून घालू नका. वहीला माळ लागत नाही.

मी हिंदू नाही. किंवा मी देवच मानत नाही. मला याचा काही उपयोग?

श्रीगोंद्याचे शेख महंमद आमच्या संतपरंपरेतलेच, आणि ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्तावर मराठीत अभंग लिहीत. आमच्या शॉपमधले एक चाचा दुपारच्या नमाजाला जातात तेवढ्या वेळात त्यांचं मशीन शेजारचा माळकरी बघतो, आणि एकादशीला चाचा त्याच्या वाटणीचा चहा केळ्यावर बदलून घेतात. वसईकडची एक ख्रिस्ती मैत्रीण सांगते की रात्री दिवसाचा आढावा घेऊन मगच प्रार्थना करायची, हे तिला लहानपणीच शिकवलेलं आहे.

देव मानत नसाल तर हरिपाठाच्या जागी काय ठेवायचं ते मी सांगू शकत नाही. तो माझा अनुभव नाही. वही मात्र कुणीही लिहावी. आमचा एक टूल-रूमवाला पक्का नास्तिक आहे, त्याची वही माझ्यापेक्षा कडक असते.

रात्री झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही. वही लिहून बरं वाटेल का?

दोन आठवड्यांहून जास्त असं वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, 14416 या नंबरवर फोन लावायचा, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माझ्या बहिणीला आम्ही आठ महिने नुसती पोथी वाचायला लावली होती. डॉक्टरकडे आधी न्यायला हवं होतं. नामस्मरण आणि गोळी यांचं भांडण नाही.

मोबाइलवर हरिपाठ नुसता लावून ठेवला तर चालतो का?

सुरुवातीला चालतो. मीही ऐकूनच शिकले. पण हळूहळू स्वतःचं तोंड उघडा, सूर कसाही असो. "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी" असं माउली म्हणतात, तर तिथे आपण उभं राहायचं, स्पीकरला उभं करायचं नाही.

भरलेल्या वह्यांचं काय करता? कुणाला दाखवता का?

17 वह्या झाल्या. गव्हाच्या कोठीवरच्या फळीवर आहेत, जुन्या साडीत बांधून. आषाढी एकादशीला उपवास असतो, स्वयंपाक कमी, तेव्हा एखादी काढून वाचते. पाच-सहा वर्षांपूर्वी मी कुणाशी कशावरून अबोला धरला होता ते वाचून आता नवल वाटतं. त्यातल्या एका बाईला मागच्या आषाढीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी तर विसरलेच होते."

कुणाला दाखवत नाही. फक्त एकदा मुलाने विचारलं, की माझ्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडलेलं का आहे? तो तेव्हा तिसरीत होता, आता नोकरीला लागलाय, तळेगावला, ट्रेनी म्हणून. पहिल्या महिन्यात सुपरवायझरने त्याला न मोजता आकडे भरायला सांगितले होते, म्हणून घरी येऊन गप्प बसला होता. मी फळीवरून पहिली वही काढली. ते पान तिच्यात चिकटवलेलं आहे, एका बाजूला त्याची बेरीज-वजाबाकी आणि मागे माझी एक ओळ. त्याने वाचलं, पान उलटून आपली गणितं बघितली. "यातलं तिसरं चुकलंय," म्हणाला. मग पुन्हा माझी ओळ वाचली आणि विचारलं, "त्या वर्षी किती वाढ गेली तुझी?"

मी आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघाला. का, ते मी विचारलं नाही. रात्री जेवताना म्हणाला, गेज लावून सगळे मोजले, दोन नग पिवळ्या ट्रेमध्ये गेले.